सहा दिवसांत व्हॅली ऑफ फ्लॉवर्स, हेमकुंड आणि बद्रीनाथ जमेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याचं चौघांचं कुटुंब, त्यात १० वर्षांचा मुलगा आणि गुडघे दुखणाऱ्या ६४ वर्षांच्या आई. १५ ऑगस्टची सुट्टी जोडून पुणे ते पुणे सहा दिवस हातात आहेत. उत्तराखंडमधली व्हॅली ऑफ फ्लॉवर्स म्हणजे फुलांची दरी, हेमकुंड साहिब हा उंचावरचा गुरुद्वारा आणि बद्रीनाथ करायचं आहे. जाताना ऋषिकेशला राफ्टिंग, जोशीमठहून औलीचा रोपवे आणि जमलं तर दरीत तंबू टाकून एक रात्र. सह्याद्रीत नेहमीची भटकंती आहे. घोडा घ्यावा की हेलिकॉप्टर, आणि सोबत काय न्यावं?

सहा दिवसांत हे बसत नाही. ओढूनताणून बसवलंत तर त्यातले चार दिवस गाडीत जातील आणि दरीच्या वाट्याला एकच दिवस येईल. त्या एका दिवशी ढग उतरले तर एवढ्या लांब जाऊन फक्त धुकं बघाल. घर ते घर नऊ दिवस धरा. ते शक्य नसेल तर बद्रीनाथ किंवा हेमकुंड यातलं एक सोडा, पण दरीसाठी दोन दिवस आणि एक मोकळा दिवस यांना हात लावू नका.

तुमच्या यादीतल्या काही गोष्टी आधीच खोडून टाकतो. ऋषिकेशचं राफ्टिंग जुलै-ऑगस्टमध्ये बंद असतं. गंगेचं पाणी उतरल्यावर सप्टेंबरात सुरू होतं. जोशीमठ-औली रोपवे जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचायला लागली तेव्हा बंद झाला, त्यामुळे त्याच्या भरवशावर बेत करू नका. औलीला रस्त्याने जाता येतं, पण ऑगस्टमध्ये तिथून नंदादेवी दिसायला नशीब लागतं. आणि दरीत तंबू टाकायला परवानगी नाही. हे १९८२ मध्ये जाहीर झालेलं राष्ट्रीय उद्यान आहे आणि २००५ पासून नंदादेवीसोबत जागतिक वारसा यादीत आहे. सकाळी सातच्या सुमाराला आत जायचं, संध्याकाळी पाचच्या आत बाहेर यायचं. दुपारनंतर नवीन माणसाला आत सोडत नाहीत. मुक्काम दरीखालच्या घांगरिया गावातच.

आता रस्ता. सहलीचा खरा कस इथे लागतो, आणि सह्याद्रीत फिरणाऱ्यांना नेमका याचाच अंदाज नसतो. हरिद्वार ते जोशीमठ सुमारे पावणेतीनशे किलोमीटर. नकाशा सहा-सात तास दाखवेल. पावसाळ्यात दहा ते बारा धरा. देवप्रयाग, श्रीनगर, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग, चमोली, पिपळकोटी असा अलकनंदेच्या काठाने रस्ता वर जातो. श्रीनगर-रुद्रप्रयाग दरम्यानचं सिरोबगड आणि पिपळकोटीच्या पुढचा पागल नाला या दरडींसाठी बदनाम जागा. दरड पडली की दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागते, जेसीबी येतो, कधी दोन तासांत वाट मोकळी होते तर कधी दुसरा दिवस उजाडतो. म्हणून ऋषिकेशहून पहाटे पाचला निघायचं. पाऊस आणि दरडी कोणत्याही वेळी येऊ शकतात, पण लवकर निघालेल्याच्या हातात उजेडाचे तास राहतात. रात्री डोंगरी रस्त्यावर प्रवासी गाड्या अडवतात, आणि ते योग्यच आहे. खूपच उशीर झाला तर पिपळकोटीला थांबा, अंधारात जोशीमठ गाठायचा हट्ट नको.

परतीचं तिकीट काढताना हीच गोष्ट लक्षात ठेवा. ज्या दिवशी जोशीमठहून ऋषिकेशला उतरणार, त्याच रात्रीची रेल्वे किंवा विमान कधीही घेऊ नका. मध्ये एक रात्र हवी.

नऊ दिवसांची मांडणी अशी होईल. पहिल्या दिवशी पुण्याहून विमानाने डेहराडून किंवा दिल्लीमार्गे ऋषिकेश. दुसरा दिवस जोशीमठपर्यंतच्या प्रवासाचा. तिसऱ्या दिवशी गोविंदघाटमार्गे घांगरिया. चौथ्या दिवशी दरी. पाचव्या दिवशी हवा बघून हेमकुंड किंवा पुन्हा दरी. सहावा राखीव, काहीच अडलं नाही तर राहिलेलं करून घ्यायचं. सातव्या दिवशी खाली उतरून बद्रीनाथ किंवा जोशीमठ, आठव्या दिवशी ऋषिकेश, नवव्या दिवशी घर. राखीव दिवस वाया जाईल अशी काळजी नको. मुसळधार पावसाचा इशारा असला किंवा आतली पायवाट वाहून गेली की वनखातं दरीत प्रवेशच थांबवतं, आणि अशा वेळी त्या एका दिवसावरच सगळी सहल तरते.

तारखांबद्दल. उद्यान १ जून ते ३१ ऑक्टोबर उघडं असतं, पण जूनमध्ये ओढ्यांवर बर्फ असतो आणि फुलं तुरळक. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत ऐन बहर, आणि पाऊसही तेव्हाच. ऑगस्टच्या शेवटी गुलाबी तेरड्याचं राज्य असतं. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात फुलं ओसरू लागतात, गवत पिवळं-तांबूस होतं, पण आकाश उघडतं आणि शिखरं दिसतात. १५ ऑगस्टच्या जोडसुट्टीत मात्र जाऊ नये असं माझं मत. घांगरिया म्हणजे एका गल्लीचं गाव आहे, हिवाळ्यात पूर्ण रिकामं होणारं. त्या चार दिवसांत खोल्या, घोडे, जीपगाड्या सगळ्यांवर ताण येतो. तारीख आठवडाभर पुढे-मागे करता आली तर करा.

गोविंदघाट सुमारे १,८०० मीटरवर आहे. तिथून पुलना गावापर्यंत चार किलोमीटर शेअर जीप मिळते आणि पुलनाहून पायवाट सुरू होते. घांगरिया नऊ-दहा किलोमीटरवर, सुमारे ३,०५० मीटर उंचीवर. २०१३ च्या पुरानंतर या वाटेचा काही भाग नव्याने बांधला आहे. दगडी फरसबंदीची रुंद वाट आहे, त्यामुळे हरवण्याचा प्रश्न नाही. भ्यूंडार गावापर्यंत चढ सोसवतो. तिथला पूल ओलांडला की शेवटचे तीनेक किलोमीटर खडे आहेत, आणि लोक दमतात ते इथेच, कारण पहिल्या टप्प्यात गप्पा मारत जोरात चाललेले असतात. सकाळी नऊच्या आत पुलना सोडलंत तर मुलाला घेऊन दुपारी तीन-चारपर्यंत आरामात पोचाल.

या वाटेवर खरा धोका खेचरांचा. ओल्या दगडावर लीद पसरलेली असते आणि बूट घसरतात. खेचरांची रांग आली की डोंगराच्या अंगाला पाठ टेकवून उभं राहायचं. दरीच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला सामानाच्या पोत्याचा एक धक्का पुरतो. मुलाला हे निघण्यापूर्वीच सांगून ठेवा आणि त्याला आतल्या बाजूनेच चालवा. वाटेच्या कडेला कंडाळी नावाचं झुडूप माजलेलं असतं, हिंदीत बिच्छू घास. हात लागला तर तासभर आग होते. पुढे दरीत बचनागाची जांभळट-निळी फुलंही आहेत आणि ती विषारी असतात, म्हणून फुलांना हात लावायचा नाही हा नियम मुलापुरता तरी दुहेरी कामाचा आहे.

घोडा की हेलिकॉप्टर? गोविंदघाट-घांगरिया हेलिकॉप्टर काही मिनिटांत पोचवतं, पण ढग उतरले की उडत नाही, आणि ऑगस्टमध्ये ढग उतरलेलेच असतात. ते मिळालं तर बोनस समजा. आईंसाठी पुलनाहून घोडा घ्या. दर लिहिलेले असतात, ते बघूनच ठरवा आणि पावती घ्या. चढताना घोडा ठीक, उतरताना मात्र ओल्या पायऱ्यांवर त्याच्या पाठीवर बसणं कंबर आणि गुडघे दोन्हींना त्रासदायक, शिवाय पडण्याची भीती. उतरताना दोन काठ्या घेऊन सावकाश चालावं आणि अगदीच नाही झालं तर कंडी करावी. कंडी म्हणजे पाठीवरची वेताची खुर्चीवजा टोपली, एक माणूस वाहून नेतो. चौघांनी खांद्यावर न्यायची ती दंडी. दरीत घोड्यांना मनाई आहे, तिथे चालणं किंवा कंडी-दंडी एवढेच पर्याय.

आईंबद्दल एक स्पष्ट बोलतो. त्यांना फुलांची ओढ असेल तर घांगरियापर्यंत न्या आणि दरीत कंडीने पाठवा, पैसे वसूल होतील. ओढ बद्रीनाथाची असेल तर जोशीमठला नृसिंह मंदिराजवळ त्यांच्यासोबत कोणीतरी एकाने थांबावं आणि बद्रीनाथ गाडीनेच करावं. गोविंदघाटहून ते पंचवीसेक किलोमीटर आहे, दारापर्यंत रस्ता जातो. दोन्ही आणि वर हेमकुंडही, असं त्यांच्यावर लादू नका.

दरीच्या दिवशी सकाळी पावणेसातला खोलीतून निघा. घांगरियातून पुढे गेलं की वाट फुटते: उजवीकडची हेमकुंडला चढते, डावीकडची दरीत. वनखात्याच्या चौकीत परवाना दाखवायचा. तो ऑनलाइनही काढता येतो. किती दिवसांसाठी आहे ते त्यावर वाचून घ्या. ओळखपत्र मूळ ठेवा. नेलेल्या प्लास्टिकची नोंद होते आणि ते परत आणावं लागतं. आत खाण्याचं एकही दुकान नाही, त्यामुळे घांगरियातून पराठे बांधून घ्या आणि माणशी दीड लिटर पाणी.

चौकीनंतर वाट आधी खाली उतरून पुष्पावती नदीच्या पुलाशी येते. पाणी एवढं गर्जतं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पूल ओलांडला की भोजपत्राच्या झाडीतून दीडेक किलोमीटर उभा चढ. भोजपत्राची साल कागदासारखी सुटून लोंबत असते. ओढू नका, झाड उघडं पडतं. अनेक जण या चढातच गळतात आणि दरी पाहिली असं समजून परत फिरतात. खरं कुरण बामणी धौरच्या खडकानंतर उघडतं. तिथे सगळीकडे कंबरेएवढी झाडी आणि मधून जेमतेम एका माणसाची वाट. दव पडलेल्या झाडीतून दहा मिनिटं चाललात की पँट गुडघ्यापर्यंत चिंब होते, पाऊस नसला तरी. म्हणून रेनपँट सकाळीच चढवायची, पाऊस सुरू होण्याची वाट बघायची नाही.

दरीत पाचशेहून अधिक सपुष्प वनस्पतींची नोंद आहे, पण त्या एकदम एकाच जागी दिसत नाहीत. मोकळ्या उतारांवर जेरेनियम, लाल पोटेंटिला, घंटेसारखी कॅम्पानुला. सावलीच्या ओलसर जागी नागफण्यासारखी कोब्रा लिली. खडकांच्या बेचक्यात निळी हिमालयी पॉपी. हिचं देठ काटेरी असतं आणि पाकळ्या पावसात लगेच झडतात, त्यामुळे उजेडात दिसली की तिथेच फोटो काढा, परतताना काढू म्हणून पुढे जाऊ नका. नदीपात्राच्या वाळवंटात एपिलोबियमचे गुलाबी पट्टे. बऱ्याच ठिकाणी पांढऱ्या फुलांचं उंच माजलेलं झुडूप दिसेल, स्थानिक नाव अमेला. लोकांना ते सुंदर वाटतं. वनखातं मात्र दरवर्षी ते उपटून काढतं, कारण ते बाकीच्यांना वर येऊ देत नाही. उद्यान झाल्यावर मेंढ्यांची चराई बंद झाली आणि म्हणून हे फोफावलं असं काही अभ्यासकांचं मत आहे. वाद अजून मिटलेला नाही. ब्रह्मकमळ मात्र या कुरणात शोधू नका, ते वर हेमकुंडाच्या वाटेवर.

कुरणात शिरल्यावर पुढे जोन मार्गारेट लेग यांची समाधी लागते. वनस्पती गोळा करायला आलेल्या या बाई १९३९ मध्ये इथल्याच उतारावरून घसरून मरण पावल्या. ओलं गवत आणि सैल दगड तेव्हाही होते, आजही आहेत. जरा चांगल्या फोटोसाठी वाट सोडून वर चढणं हाच इथला सगळ्यात सामान्य अपघात. पायवाट सोडू नका, तुमच्या वजनाखाली रोपंही चिरडतात. समाधीपर्यंत जाऊन आलात तर एकूण चालणं बारा किलोमीटरच्या आसपास होतं. नदीपात्रापर्यंत जायचं तर थोडं अधिक. सकाळी अकरा-साडेअकरापर्यंत ढग वर असतात, मग दरी भरू लागते. दोनला, कुठेही असलात तरी, मागे फिरा. ओल्या पायऱ्यांवरून पुलापर्यंत उतरायला चढण्याएवढाच वेळ लागतो.

दुसऱ्यांदा दरीत का जायचं? पहिल्या दिवशी माणूस वाटेकडे बघत चालतो. शिवाय ढग, ऊन, धुकं यांनी तीच जागा वेगळी होते, आणि एकदा तरी तिपरा हिमनदीच्या बाजूला आकाश उघडलेलं मिळावं म्हणून दोन डाव खेळावे लागतात.

हेमकुंड वेगळं प्रकरण आहे. अंतर सहा किलोमीटर, पण चढ हजार मीटरच्या वर. बारीतून कळसूबाई चढता त्याहून थोडा अधिक. फरक एवढाच की इथे सुरुवातच ३,०५० मीटरवर आहे आणि वर तुम्ही ४,००० मीटरच्या पलीकडे असता. सह्याद्रीतला दम इथे उपयोगी पडतो, वेग नाही. पहाटे पाच-साडेपाचला निघा, चार-पाच तास लागतील. शेवटी वाट दोन पर्याय देते, हजाराच्या वर पायऱ्यांची चढण किंवा घोड्यांचा वळणावळणाचा रस्ता. चढताना वळणाचा घ्या. ब्रह्मकमळं याच पट्ट्यात, पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना खडकात दिसतात. वर मुक्काम करता येत नाही आणि दुपारी खाली पाठवतात. गुरुद्वाऱ्याच्या लंगरात गरम खिचडी आणि चहा मिळतो. ओले कपडे बदलून मगच बसा. घोड्याने आलेल्यांना वर जास्त थंडी वाजते, कारण दोन-तीन तास शरीर हललेलंच नसतं. घोडा करणाऱ्याने खालीच लोकरीचा एक थर आणि हातमोजे घालावेत.

उंचीचा त्रास घांगरियात एखाद्याला, हेमकुंडात बऱ्याच जणांना होतो. डोकेदुखी आणि सोबत मळमळ, चक्कर किंवा विचित्र थकवा असेल तर वर जायचं थांबवा. बरं वाटेना किंवा वाढलं, चालताना तोल जाऊ लागला, बसल्या जागी धाप लागली, तर वाट न बघता खाली उतरा. घांगरिया गाठलं तरी फरक पडतो. मुलं डोकं दुखतं असं सांगत नाहीत. ती गप्प होतात, जेवत नाहीत, चिडतात, आणि आईबापांना वाटतं की कंटाळली. डायमॉक्स हे उंचीच्या त्रासावरचं औषध घ्यायचं तर आधी डॉक्टरांना विचारून, विशेषतः सल्फाची ॲलर्जी असेल तर आणि मुलाच्या बाबतीत. हेमकुंड दरीच्या नंतर ठेवण्याचं कारण हेच, ३,००० मीटरवर दोन रात्री झोपून मग वर जाता.

सामानात पावसाला केंद्रस्थानी ठेवा. घांगरियात कपडे वाळत नाहीत, एवढं एक वाक्य डोक्यात ठेवून पॅकिंग केलं तरी निम्मं काम होतं. जीन्स आणि सुती टीशर्ट घरी राहू द्या. लवकर वाळणाऱ्या दोन पँट, तीन टीशर्ट, एक फ्लीस, रेनजॅकेट आणि रेनपँट, लोकरीचे मोजे चार जोड. पाँचो खालच्या वाटेवर चालतो, हेमकुंडाच्या वाऱ्यात तोंडावर येतो आणि पायाखालचं दिसत नाही. सॅकवरचं रेनकव्हर पाठीच्या बाजूने झिरपतं, म्हणून आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून सगळं तिच्यात बांधायचं. बूट नवे नकोत. ते भिजतीलच, रात्री आत वर्तमानपत्र कोंबून ठेवले की सकाळी निदान निथळत नाहीत. झोपण्यासाठीचा एक कोरडा जोड आणि मोजे वेगळ्या पिशवीत ठेवा आणि कितीही मोह झाला तरी दिवसा ते घालू नका. कॅमेरा थंडीतून थेट उबदार खोलीत आणला की काचेच्या आत बाष्प धरतं. बॅग बंद ठेवूनच तासभर थांबा.

घांगरियात एटीएम नाही आणि नेटवर्क भरवशाचं नाही, म्हणून घोडा, खोली, जेवण यांची रोकड जोशीमठहूनच सुट्या नोटांत घ्या. वीज येते-जाते, गरम पाणी बादलीने विकत मिळतं. पॉवर बँक, विजेरी, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, ओआरएस आणि आईंची नेहमीची औषधं दोन ठिकाणी विभागून ठेवा, एक सॅक घोड्यावर उशिरा पोचली तर अडायला नको. हेमकुंड आणि बद्रीनाथसाठी उत्तराखंड सरकारची यात्रेकरू नोंदणी निघण्यापूर्वी करून तिची छापील प्रत जवळ ठेवा; तपासणी रस्त्यात होते, आणि तिथे फोनला रेंज असेलच असं नाही.